दहा मिनिटं आणि पाऊण तास

"हॅलो? हां, बोल गं… नाही, मशीनवर होते. पडदे आज द्यायचेत… आई पडलीय आत. आत्ताच डोळा लागलाय."

थोरलीने चाकावर हात ठेवून मशीन थांबवलं. धाकटी बहीण दूरच्या गावात एका मोठ्या दवाखान्याच्या औषध विभागात होती. गेल्या आठवड्यात ती आठ दिवस राहून गेली, आणि जाताना डॉक्टरांशी बोलून आईच्या कॅन्सरच्या कळांसाठी नाकात मारायचा स्प्रे सुरू करून गेली.

"हो, रोजच्या गोळ्या वेळेवर… अधूनमधून कळ? कालपासून तीनदा… हो, हो… अगं ऐक ना! पाठ आहे मला सगळं. मॉर्फिनचं पातळ औषध लागू पडायला अर्धा-पाऊण तास. गालात धरायची गोळी लवकर, पण आईच्या कोरड्या तोंडात ती विरघळतच नाही. आणि तुझा स्प्रे दहा मिनिटांत… हो, तुझाच! शेजारीण आली की आईचं पहिलं तेच, 'धाकटीने आणलं हो.' सात महिने मी चमच्याने पाजलं, त्याचं नाव नाही… टोमणा कसला? खरं तेच बोलतेय."

"स्प्रेच्या बाटलीवरचा आकडा? फवारे मोजतो तो? कशाला?… थांब, बघते… कालच्यापेक्षा दोनने पुढे… हो, कळा तीन, फवारे दोन. झालं?… विसरले नाही. काल दुपारी पातळ औषध दिलं… मुद्दाम! मुद्दाम दिलं!"

तिचा आवाज चिरकला. तिने आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"ऐक. पूर्वी तो पाऊण तास ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून कण्हायची ना, तेव्हा तिला माझ्याशिवाय कुणी नसायचं. आता दहा मिनिटांत मोकळी होते आणि म्हणते, धाकटीला फोन लाव… म्हणून दिलं पातळ औषध. काल चाळीस मिनिटं तळमळली गं. ओठ चावून रक्त काढलं. आणि मी घड्याळाकडे बघत बसले… शिव्या दे मला. दे ना… हॅलो? अगं, रडतेस का तू?"

"काय?… आठही दिवस?… तू पाणी दिलंस तरी आई म्हणायची, 'मोठीला बोलाव, तिचा हात हलका आहे'?… मग बोलली का नाहीस?… अस्सं. जळत होतीस… माझ्यावर? तू?"

थोरलीला हसू फुटलं आणि त्याबरोबरच डोळेही वाहू लागले. आतून हाक आली.

"थांब, थांब… आई उठली. कूस वळताना आली वाटतं कळ… हो, स्प्रेच. स्प्रेच देतेय, शप्पथ… आणि कालचं तिला सांगणार आहे मी. आजच… नाही, तू नको, मीच सांगते… आले गं आई, आले!… ठेव आता."

धाकटी अजून बोलतच होती. थोरलीने फोन पडद्यांच्या ढिगावर टाकला आणि धावत जाऊन औषधांचं कपाट उघडलं.