सरावाचा कॉल

जबाब देणारी स्त्री, वय ४६ वर्षे, व्यवसाय कंपनी चालवणे. नाव व राहण्याचा पत्ता वेगळ्या कागदावर लिहून दिला आहे.

मला कोणी बोलावलेले नाही. मी आपणहून ठाण्यात येऊन समक्ष सांगते की,

माझी कंपनी एकट्या राहणाऱ्या वृद्ध माणसांना गळ्यात घालायचे लॉकेट देते. ते दाबले की आमच्याकडे आवाज ऐकू येतो. पूर्वी हे कॉल आमच्या कामावरच्या बायका घेत असत. मागील वर्षी ते काम आम्ही यंत्राकडे दिले. आवाज ऐकून, मदतीला माणूस पाठवायचा की दोन गोड शब्द बोलून कॉल संपवायचा, हे यंत्र ठरवते. बायकांना कामावरून कमी केले. निरोपाच्या दिवशी भाषण करताना मला रडू आले, तेव्हा त्यांच्यातल्या एकीने मला स्वतःचा रुमाल दिला. त्यांना सगळे आत्या म्हणतात. आज तुम्ही ज्यांना पकडून आणले, त्या याच.

नवीन कायद्याप्रमाणे यंत्राने दिलेला निर्णय जिवंत माणसाने तपासला पाहिजे आणि त्याला तो थांबवता आला पाहिजे. कायदा झाला तेव्हा मी व्यासपीठावरून त्याचे स्वागत केले होते. आमच्याकडे शेवटचा शब्द माणसाचाच असतो, असे मी म्हणाले होते. टाळ्या पडल्या. तेव्हा आमच्या त्या खोलीत एकही माणूस नव्हता. खुर्च्यांवर प्लास्टिक घातलेले होते.

आज तपासणी अधिकारी येणार होते. म्हणून मी आत्यांना व आणखी तिघींना एक दिवसापुरते बोलावले. आत्या फोनवर म्हणाल्या, "एक दिवसासाठी काय मॅडम, पाहुण्यांपुढे मांडायच्या कपबशा आहोत का आम्ही?" मी हसले. त्याही हसल्या आणि आल्या.

प्रत्येकीच्या पडद्यावर यंत्राचा निर्णय रोखायला 'थांबवा' असे लाल बटण होते. ते दाबले की हिरवे होत असे. एवढेच होत असे. त्याच्या मागे काही जोडलेले नव्हते. जोडायला महिनाभर लागेल, असे आमचे तांत्रिक प्रमुख म्हणाले, तेव्हा नुसते दिसू दे, असे मीच सांगितले. बायकांना हे माहीत नव्हते. कानावर मात्र खरे कॉल सोडले होते. देखावा खरा वाटावा म्हणून.

दुपारी एका आजोबांचा कॉल आला. ते पूर्वी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. दिवसातून अनेकदा लॉकेट दाबतात आणि चहात साखर टाकली का ते आठवत नाही, असे काहीतरी बोलतात. यंत्राने हाही कॉल 'सवयीचा' ठरवला. आत्यांनी लाल बटण दाबले. ते हिरवे झाले. त्यांनी पुन्हा दाबले आणि मोठ्याने विचारले, "मॅडम, माणूस निघाला का? आजोबा कण्हतायत. मागे नळ धो धो वाहतोय."

अधिकारी माझ्या शेजारीच उभे होते. मी म्हटले, "आत्या, तो सरावाचा कॉल आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेबद्दल मला काही लिहून द्यायचे नाही. पडद्यावरचा पत्ता त्यांनी तळहातावर लिहून घेतला, चपला घातल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "बरं. मग मी सरावालाच जाऊन येते."

त्या कुठे गेल्या, असे अधिकाऱ्यांनी विचारले. चहाच्या सुट्टीवर, असे मी सांगितले. कर्मचाऱ्यांना वेळेवर विश्रांती दिली जाते, असे त्यांनी लिहून घेतले.

पुढची हकीकत तुम्हाला माहीत आहे. दार आतून बंद होते. आत्यांनी कुंडी मारून स्वयंपाकघराच्या खिडकीची काच फोडली. शेजारच्या बाईंनी चोर समजून तुम्हाला कळवले. तुमची माणसे पोहोचली तेव्हा आत्या न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर आजोबांचे डोके मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या हाताला काच लागली होती. आजोबा शुद्धीवर नव्हते, त्यामुळे या कोण आणि घरात कशा आल्या, हे सांगणारे कोणी नव्हते. मी कंपनीची आहे, असे आत्यांनी सांगितल्यावर तुम्ही मला फोन केला.

तो फोन मी उचलला तेव्हा समोर अधिकारी अहवालावर सही करत होते. तुम्ही विचारले, ही बाई तुमची का? मी म्हणाले, "नाही. आमच्या कामावर अशी कोणी नाही."

कागदोपत्री ते खरे होते. मी फोन ठेवला आणि अधिकाऱ्यांना दारापर्यंत सोडायला गेले.

परत खोलीत आले तर उरलेल्या तिघी तशाच बसून होत्या. एक म्हणाली, "मॅडम, आत्यांचा चहा अजून झाला नाही वाटतं." कोणी हसले नाही. वकिलांचा सल्ला ठाण्यात न येण्याचा होता. तांत्रिक प्रमुखांनी तो कॉल नोंदीतून काढता येईल असे सांगितले, आणि मी त्यांना लगेच नाही म्हटले नाही. थोडा वेळ मी विचार करत होते. हेही लिहावे.

आत्या त्या घरात माझ्या कामावर असताना व माझ्या खोटे बोलण्यामुळे गेल्या. काच त्यांनी फोडली, पण ती फोडण्याची वेळ मी आणली. त्यांच्यावर घरफोडीचा गुन्हा दाखल करू नये. काय करायचे ते माझ्यावर करावे. तो कॉल आम्ही जपून ठेवला आहे व उद्या मी तपासणी अधिकाऱ्यांनाही हेच सांगणार आहे.

हे सांगत असताना आत्या बाहेरच्या बाकावर हाताला पट्टी बांधून बसल्या होत्या. दार उघडे होते. आजोबांच्या खुब्याचे हाड मोडले आहे, पण ते आता बोलू लागले आहेत, असे हवालदारांनी त्यांना सांगितले. मग मी बाहेर गेले. "आत्या, चुकलं माझं. उद्यापासून परत या, कायमच्या," असे म्हणाले.

त्या म्हणाल्या, "मला कशाला सांगता? आणि या पोलिसांना तरी कशाला? ज्यांच्या गळ्यात ते लॉकेट बांधलंय त्यांना सांगा ना, की पलीकडे कोणी नाहीये म्हणून. बिचारे दाबत बसतात."

आत येऊन मी जबाब लिहून घेणाऱ्या अंमलदारांना याची नक्कल मागितली. कशाला, असे त्यांनी विचारले. घरोघरी जाऊन वाचून दाखवायची आहे, असे मी सांगितले. किती घरे आहेत, असे त्यांनी विचारले, आणि मी आकडा सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवले.

वरील मजकूर अंमलदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितला तसाच तो आहे. एके ठिकाणी त्यांनी 'गैरसमजातून' असा शब्द घातला होता, तो मी काढायला लावला. नकलेसाठी वेगळा अर्ज करावा लागतो असे कळले. तो अर्ज मी इथेच बसून लिहीत आहे.