एका वेळी दोनच

नाही, ते बंद करून चालू करायचं मला सांगू नका — तुमच्या फोनवरच्या बाईने सहा वेळा करायला लावलंय, वायर काढा, तीस अंक मोजा, वायर लावा — मी मोजले, मोठ्याने मोजले, शेजारच्या काकू विचारायला आल्या की व्यायाम सुरू केलात का म्हणून. बसा ना, खुर्ची घ्या — बरं, खालीच सोयीचं पडतं का, बॉक्स तिथे आहे म्हणून. तर ऐका, दोन तक्रारी आहेत, गोंधळ नको. पहिली, टीव्हीच्या या बॉक्सने माझा कार्यक्रम रेकॉर्ड केला नाही. चार दिवस आधी लावला होता मी, नावासमोर लाल ठिपका आला होता, चष्मा लावून खात्री केली होती. दुसरी, तोच कार्यक्रम तुमच्या त्या 'मागील भागां'मध्ये आहे, महिनाभर ठेवतात म्हणे, आणि तो महिना आज संध्याकाळी सहाला संपतोय — लिहिलंय बघा कोपऱ्यात — आणि लावला की बाविसाव्या मिनिटाला जाहिरात येते, जाहिरात संपते, आणि मग ते चक्र. फिरतंय, फिरतंय, फिरतंय. पुढे ढकलला तर परत पहिल्यापासून. आणि मी दिसते म्हणे एकतिसाव्या मिनिटाला. आता पावणेपाच झालेत.

मी म्हणजे मीच हो, दुसरं कोण. दिसत नाही ना टीव्हीवर येण्यासारखी? मलाही वाटलं नव्हतं. हॉस्पिटलच्या लाँड्रीत सुपरवायझर आहे मी, सव्वीस वर्षं झाली — तळघरात, जिथे कुणी येत नाही. ते लोक 'पडद्यामागचे' असं काहीतरी करत होते, पहिला भाग विमानतळावरच्या लोकांचा, दुसरा आमचा. दोन दिवस शूटिंग. मला विचारत होते, मी बोलत होते — दिवसाला दोन हजार चादरी, ऑपरेशनचे कपडे वेगळे, रोलरवर चादर कशी धरायची म्हणजे बोटं शाबूत राहतात, उशीच्या अभ्र्यात कवळ्या कशा सापडतात, एकदा लग्नाची अंगठी सापडली तर मी चार वॉर्ड पालथे घालून ती बाई कशी शोधली. दोन दिवस बोलले, आणि ठेवली त्यांनी चार मिनिटं. कुठली चार, ते मला माहीत नाही. लागला त्या संध्याकाळी माझी ड्यूटी, खाली टीव्ही नाही, फोनला रेंज नाही. नंतर भेटेल तो म्हणतो छान बोललात. अहो काय बोलले? छान बोललात. लेकीला विचारलं, ती दुसऱ्या देशात, तिकडे लागतच नाही. ती बिचारी आठवड्याला एकदा विचारते, आई, रेकॉर्डिंग पाठव ना. काय पाठवू, चक्र?

मोबाईलवर बघितलं की. 'हा कार्यक्रम या उपकरणावर उपलब्ध नाही.' का नाही, ते काही सांगत नाही. मग अकाउंटमधून जा म्हणाले, तर कोड येतो यांच्या फोनवर — आमच्या ह्यांच्या, सगळं त्यांच्याच नावावर आहे — आणि ते फोन घेऊन खाली गेलेले. ते आले तोवर कोडची मुदत संपली. परत मागितला, तर म्हणे फार वेळा मागितलात, उद्या या. नाकी नऊ आले माझ्या. म्हणून तर हे म्हणाले, तू नको डोकं फोडू, मी बघतो कंपनीशी, आणि त्यांनी तुम्हाला तीनदा फोन केला, तीन आठवड्यांत तीनदा, आणि तुमच्याकडून एक माणूस येईना. शेवटी परवा मीच लावला, तर तुम्ही आज हजर. म्हणजे बायकांनी ओरडल्याशिवाय तुम्ही हलत नाही, असंच ना?

काय नाही?

नोंद नाही म्हणजे? परवाची आहे ना, माझी. त्याच्या आधीच्या तीन असतील. नीट बघा, नंबर तोच आहे. खाली सरकवा. — बरं, नसेल. तुमच्याकडे नोंदी राहत नसतील, तुमचा बॉक्स जर नावासमोरचा ठिपका विसरतो तर तुमचं ऑफिस तीन फोन विसरणारच. मी नाही म्हणत तुमची चूक आहे. तुम्ही आलात, घाम गाळताय. पाणी देऊ? ही वायर कशाला? हां, वायफाय नको, थेट जोडायचं — मग हे मला त्या बाईने का नाही सांगितलं? अंक मोजत बसवलं मला. आणि अकाउंटचं हे सगळं पुसून परत घालायचं, पासवर्डसकट? थांबा, मी सांगते, तुम्ही बाण दाबत जा. एक अक्षर, चार वेळा उजवीकडे, दोनदा खाली — गेलं पुढे, मागे या. माणसाने हा पासवर्ड टाकेपर्यंत चादरींचं अख्खं गाठोडं धुऊन होईल.

ते नाहीयेत घरी. तुम्ही बेल वाजवलीत आणि ते बल्ब आणायला गेले. कुठला बल्ब गेलाय कोण जाणे. असतात हो घरीच एरवी, दोन वर्षं झाली, त्यांची कंपनी बंद झाली तेव्हापासून. ती खुर्ची त्यांची, हातावर रिमोट ठेवायची जागा झिजलीय बघा. मी बोलत नाही काही. माणसाला काहीतरी हवं ना हातात. टीव्हीवाले येणार म्हटल्यावर म्हणाले होते, चादरी धुण्यात काय दाखवायचंय — मस्करी करतात तशी, मनात काही नसतं. शूटिंगच्या दिवशी डबा भरला होता माझा. एकदा भरला. पहिल्या दिवशी.

हे काय उघडलंत? 'न झालेली रेकॉर्डिंग' — अशी यादी असते? म्हणजे का नाही झालं तेही लिहितं? मग तेच तर मी महिनाभर विचारतेय. वाचा. नाही, मीच वाचते, चष्मा आहे. 'रद्द केले. सहा बावन्न. रिमोटवरून.'

रिमोटवरून कसं? मी सहा बावन्नला रोलरपाशी होते. घरात तर फक्त — थांबा. असं होत असेल ना, की मशीन स्वतःच करतं आणि रिमोटचं नाव घेतं? नाही होत. बरं. एका वेळी दोनच रेकॉर्ड होतात, तिसरं आलं की विचारतं, कुठलं सोडू. हे ठाऊक आहे मला. मॅच होती त्या दिवशी. मॅच समजू शकते मी, मॅच परत होत नाही. पण मग दुसरं कुठलं होतं? मी तर एकच लावला होता. दुसरं काय रेकॉर्ड झालं त्या वेळी, दाखवा.

मासेमारीचं. तो टोपीवाला माणूस तळ्याकाठी बसतो ते. अहो, हे चार वेळा बघून झालंय यांचं, पाचव्यांदा लागलं होतं. — नाही, बोट चुकलं असेल. समोर मॅच चालू, मधेच ही पाटी येते, माणूस वैतागून दाबतो काहीतरी. वर जे असेल ते जातं, हो ना? माझंच वर असणार, मी आधी लावलेलं.

खाली होतं.

म्हणजे खाली यायचं, दोन घरं. मग दाबायचं. मग ते विचारतं, नक्की? आणि मग परत 'हो' दाबायचं. तुम्ही हे मला दाखवायला नको होतं. नाही, तसं नाही, मीच म्हटलं दाखवा. तुम्ही तुमचं काम केलंत. मला राग नाही आलाय, राग मला तुमच्या त्या तीस अंकवाल्या बाईचा आला होता. हे नुसतं वाईट वाटतंय. तीन फोनसुद्धा केले नाहीत ना यांनी. आणि मी रोज घरी येऊन विचारायची, आला का हो कंपनीचा माणूस, आणि ते सांगायचे, ही कंपनीच बेकार. मीही म्हणायची, खरंच बेकार. लाँड्रीत बायकांना सांगायची, आमचे हे बिचारे किती खटपट करतायत.

लागलं? बाविसाव्याच्या पुढे गेलं? जाऊ द्या, तसंच चालू द्या, हात लावू नका. ते आमचं दार. तो रोलर, ती उभी आहे ती नवीन मुलगी, तिचा हात बघा किती जवळ गेलाय, मी ओरडणार आहे आता — आले मी. अगं बाई, केस. कवळ्या ठेवल्या त्यांनी. अंगठी काढली, बघा, अंगठी काढून टाकली आणि कवळ्या ठेवल्या. थांबा. हे काय विचारतोय तो, घरी कोण कोण बघणार? हे मला आठवत नाही. मी काय म्हणाले?

'आमचे हे बघतील ना. रेकॉर्ड करून ठेवतील आणि रोज लावतील, मलाच कंटाळा येईल.'

आवाज बंद करा. चित्र राहू दे.

म्हणून काकू परवा जिन्यात विचारत होत्या, लावतात का हो रोज अजून. आणि मी म्हटलं, बॉक्स बिघडलाय. अख्ख्या बिल्डिंगने ऐकलं हे, लाँड्रीतल्या बायकांच्या घरच्यांनी ऐकलं, आणि एक त्यांनी तेवढं ऐकलं नाही. हसत होते मी बघा बोलताना.

झालं तुमचं? द्या, सही करते. कुठे, इथे? जिन्यात भेटतील तुम्हाला, हातात बल्ब असेल. काय बिघाड होता विचारलं तर सांगा, बाईंना विचारा. एवढंच. सहाला अजून चाळीस मिनिटं आहेत, आणि त्यांना बघायला चार लागतात. मी परत मागे घेऊन ठेवते. हा रिमोट माझ्याकडेच राहू दे, तिकडे खुर्चीवर नको. निघा तुम्ही. दार ओढू नका.