टोचल्याचा कागद

...नाही, तसं नाही, बसा हो, बसा, पण आधी मला एक सांगा, घर जळत असताना तुमच्यापैकी कुणी काय उचललं असतं? पोरं? बरोबर. सोनंनाणं? तेही बरोबर. म्हातारीची औषधं? शाबास! पण गोवराची लस टोचल्याचं कार्ड... ते कुणी उचललं असतं का? प्रामाणिकपणे सांगा! मग मी काय वेगळ्या मातीचा आहे? पण ती दवाखान्याच्या काउंटरवरची बाई, नखं अशी लांब, संगणकावर टकटक टकटक, मला विचारते, "मिस्टर शोनिया, लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड?" म्हटलं, नाही. "हरवलं?" हरवलं नाही बाई, लढाईत जळालं. "मग तिथल्या दवाखान्यातून नक्कल मागवा ना!" म्हटलं, दवाखाना जळाला. "मग गावच्या कचेरीतून." कचेरी जळाली, गाव जळालं, ज्या नर्सनं मला टोचलं ती बिचारी डोंगर ओलांडताना बर्फातच राहिली! बाईंचे डोळे भरून आले, खोटं नाही सांगत, रुमाल काढला, नाक पुसलं, आणि म्हणाल्या काय? "फारच वाईट झालं हो. पण कागद कुठाय?"

आता तुम्ही मला ओळखता. ब्रुकलिनमध्ये बाद्री शोनियाच्या दुकानातलं चीज खाल्लं नाही असा एक जॉर्जियन दाखवा! शाळा मी आठवीत सोडली, पण अक्रोडाचं पोतं नुसतं हलवून सांगतो आत किती खवट आहेत. चीजवर अंगठा दाबला की म्हैस की गाय, कळतं. मला कधी कागद लागला नाही. आणि या देशात सगळं उलट! इथं अक्रोड फोडून समोर ठेवा, म्हणतील, हो, अक्रोडच दिसतोय, पण तसा कागद कुठाय?

बरं, हे सगळं कशासाठी? तर आईसाठी. माझी आई, त्सियाला, तिकडे जॉर्जियात, झुगदिदी गावात, निर्वासितांना दिलेल्या एका जुन्या हॉटेलच्या खोलीत राहायची. आणि मी इथं असा अडकलेला, की या देशातून पाऊल बाहेर टाकलं की परतीचं दार बंद. पोरगी इथं, दुकान इथं, आई तिकडे. मुलगी वाढली ती आजीला फोनच्या काचेत बघत. ती, माझी नातिया, इथंच जन्मलेली, एकवीस वर्षांची झाली आणि म्हणाली, "बाबा, आता मीच तुमच्यासाठी अर्ज करते. कायमचं राहायचं कार्ड मिळेल, मग जा खुशाल आजीकडे!" अर्ज केला. फक्त तपासणी करून, लसी बघून डॉक्टरनं सरकारसाठी द्यायचं बंद पाकीट राहिलं. आईला सांगितलं, आई, एवढं पाकीट गेलं की आलोच. आई म्हणाली, "मी थांबते रे. तू सावकाश ये." पंच्याऐंशीच्या घरातली बाई मला म्हणते, सावकाश ये!

तर डॉक्टर. डॉक्टर मार्गोलिन, मूळचे ओदेसाचे, म्हणजे आपल्याच जुन्या मोडक्या साम्राज्यातले. सज्जन माणूस. म्हटलं, साहेब, कागद गेला चुलीत, दंड बघा! बाही वर केली. हा इथं, बशीएवढा व्रण, देवीच्या लसीचा. डॉक्टरांनी काय करावं? स्वतःची बाही वर केली! तोच व्रण, तीच जागा! दोन म्हातारे घोडे, बाह्या वर करून, एकमेकांचे दंड बघत उभे. म्हटलं, झालं ना? आता लिहा. म्हणाले, "बाद्री, देवीचा रोग जगातून गेला. यादीत त्याचं नाव नाही. यादीत गोवर आहे, गालगुंड आहे, कांजिण्या आहेत, धनुर्वात आहे. त्यांचा व्रण आहे का?" आता बोला! ज्याचा व्रण आहे ती लस यांना नको, आणि जी हवी तिचा व्रण उठत नाही! म्हटलं, साहेब, तुम्हाला तर माहीत आहे, आपल्याकडे शाळेत रांगेत उभं करून टोचायचे, पळालेल्या पोराला मास्तर कानाला धरून आणायचे! म्हणाले, "मला माहीत आहे रे. मला सगळं माहीत आहे. पण कागद कुठाय?"

मग त्यांना दया आली. म्हणाले, "कांजिण्या येऊन गेल्या असतील तर तेवढं मी लिहू शकतो. एक सुई वाचेल. आई आहे ना? लाव फोन." लावला. आईला रशियन येतं, म्हटलं चला, एक तरी काम सरळ होतंय... सरळ! डॉक्टर गोड आवाजात, "त्सियालाबाई, तुमच्या मुलाला लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का?" आई म्हणते, "कोण विचारतंय?" हा भला माणूस खरं बोलला! म्हणाला, "अमेरिकेच्या सरकारसाठी तपासणी करणारा डॉक्टर." संपलं. मग आईचा आवाज, असा, परेडला उभी राहिल्यासारखा, "माझ्या मुलाला? आयुष्यात कधी नाही! तो शिंकलासुद्धा नाही! बैल आहे बैल, डॉक्टर!" मी म्हणतोय, अगं आई, ती लाल गोधडी आठव, उशाशी गुलाब ठेवलेस, दहा दिवस गाणी म्हटलीस... "तू गप्प बस! डॉक्टर, याचं ऐकू नका, लहानपणापासून थापाडा आहे!"

डॉक्टरांनी लिहिलं: आजाराचा इतिहास नाही.

बाहेर येऊन पुन्हा फोन केला. म्हटलं, आई, काय केलंस हे? तर ती खूश! "कसं सांगितलं? आजारी माणसाला कोण देश घेतो रे?" आणि मग आवाज एकदम खाली आणून म्हणाली, "शिवाय घरी आलेल्या धन्यांची चुगली सरकारकडे करायची?" आता तुम्ही हसताय, पण तुमच्याही आज्या असंच म्हणायच्या! लेकराच्या अंगावर पुरळ उठलं की रोगाचं नाव घ्यायचं नाही. धनी आले म्हणायचं. पाहुणे! घरात भांडायचं नाही, कोंबडी कापायची नाही, गोडधोड करायचं. माझा बाप, दारू चढली की अंगण डोक्यावर घ्यायचा, तोसुद्धा ते दहा दिवस चवड्यांवर चालला. आई म्हणते, "ते धनी तुझ्या तोंडावर एक डाग न ठेवता गेले. आणि मी त्यांचं नाव लिहून देऊ? कागदावर?" जगात एकच साक्षीदार उरलेली, आणि ती फुटली ती माझ्या भल्यासाठी!

मग माझं डोकं फिरलं. म्हटलं, हवं काय यांना, सुया? घ्या सुया! नातिया म्हणत होती, "बाबा, डॉक्टरांना विचारून..." विचारतोय कोण! कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेलो. मुलगा हसतमुख, "कोणत्या दंडावर?" म्हटलं, दोन्ही! यादीतलं सगळं टोच! घरी आलो तो थंडी वाजून ताप, दोन्ही हात लाकडासारखे, चमच्यानं सूप पोरीनं भरवलं. पण दुसऱ्या दिवशी राजासारखा दवाखान्यात शिरलो, काउंटरवर आपटला... कागद! शिक्क्याचा! तारखेचा! बाई टाळ्या वाजवायच्या बाकी! आणि आत डॉक्टरांनी तो वाचला, आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. "बाद्री, बाद्री... क्षयाची रक्ततपासणी आधी करायची, नाहीतर त्याच दिवशी. आता ही जिवंत लस अंगात असताना रक्ताच्या निकालावर भरवसा नाही. महिनाभर थांब." म्हटलं, कालपर्यंत कागद नव्हता म्हणून अडलो होतो. आता कागद आहे म्हणून अडलो? म्हणाले, "हो." दुसरं काय म्हणणार बिचारा.

त्या महिन्यात आई गेली.

...नाही, नाही, बसा. तसं काही नाही. झोपेतच गेली, शेजारीण म्हणाली, त्रास झाला नाही. म्हटलं, साहजिकच आहे, आयुष्यात शिंकलीसुद्धा नसेल.

तर मी काय सांगत होतो? अंत्यविधी. दारात मुलानं उभं राहायचं, येणाऱ्यानं त्याचा हात हातात घ्यायचा. आता मुलगा ब्रुकलिनमध्ये, अंगात लसी मुरवत बसलेला! मग माझ्या चुलतभावानं, गोचानं, दारात स्टूल ठेवलं आणि स्टुलावर फोन, फोनमध्ये मी, काळा शर्ट घालून. लोक येतात, थबकतात, फोनचं काय करायचं कळत नाही. कुणी वाकून नमस्कार करतं, कुणी दोन बोटं लावतं. तेवढ्यात आमच्या जुन्या गावचे वालेरिआन आजोबा आले, शंभरीला टेकलेले. मला बघून रडायला लागले, "अरे बाद्री, अरे लेकरा," आणि माझा हात धरावा म्हणून अख्खा पंजा काचेवर दाबला... फोन बंद! माझ्या आईच्या अंत्यविधीतून मला बाहेर काढलं, आणि तेही इतक्या प्रेमानं! पुन्हा लागला तोवर अंगण रिकामं, गोचा खुर्च्या गोळा करत होता.

महिना झाला. रक्त दिलं. निर्मळ! पाकीट बंद झालं, गेलं, कार्ड आलं. काउंटरवरच्या बाईंना दाखवायला नेलं तर काय खूश! "बघा मिस्टर शोनिया, कागद असला की कसं सगळं होतं!" म्हटलं, खरंय बाई.

आणि गेलो, बरं का. पहिल्या विमानानं गेलो, ठरल्याप्रमाणे. आईच्या कबरीवर नुसती लाकडी खूण होती, म्हटलं चांगला दगड बसवू. दगड कोरणारा माणूस, भुवयांपर्यंत पांढरी धूळ. "नाव?" त्सियाला शोनिया. "जन्म?" आणि मी सवयीनं खिशात हात घातला, तिचं ओळखपत्र काढलं. त्यावर एक जानेवारी. निर्वासितांची नोंद करताना तारीख सांगता न येणाऱ्या सगळ्यांना कारकुनानं एक जानेवारीला जन्माला घातलं होतं. म्हटलं, ही खरी नाही हो. ती म्हणायची, द्राक्षं तुडवायचे दिवस होते. ऑक्टोबर असावा. पण तसा माझ्याकडे कागद नाही... त्यानं माझा हात बाजूला केला. "कागद ठेव खिशात. मुलगा ना तू? तू सांग, मी कोरतो."

मी सांगितली एक तारीख. त्यानं कोरली. एक प्रश्न नाही!

तर तुम्हाला सांगतो, माझ्या नुसत्या शब्दावर विश्वास ठेवणारा माणूस मला अख्ख्या जगात एकच भेटला. आणि त्याचंही बरोबर आहे म्हणा... त्याच्या धंद्यात गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येत नाही.