चित्ता इंजिनाचा एल्बो

माझं माहेर कागलाकडचं, लग्न होऊन कोल्हापुरात आले, मालक लवकर गेले आणि फौंड्रीत कोअर करायला लागले. कोअर म्हंजे काय सांगू ताई तुम्हाला, ओतकामात आत जिथं पोकळ ऱ्हायला पायजे तिथं वाळूचा गाभा ठेवतात, तो आम्ही बायका करायचो, वाळूत काकवी कालवायची, पेटीत ठासायची, भट्टीत भाजायची, आणि ओतून झालं की तो गाभा फोडून टाकायचा, म्हंजे आमचं काम कुणाला दिसायचंच न्हाई. सव्वीस वर्षं केलं. त्यावर सुनील इंजिनियर झाला, हितं अमेरिकेत, नोव्हायला आला. पण हितल्या मंडळींत तो सांगायचा, आई हाउसवाइफ. मीबी गप्प बसायचे.

तर सुनील शनिवारी एका शेडमधी जायचा, तिथं रिटायर म्हातारे हौसेनं जुनी विमानं दुरुस्त करतात. एकदा म्हणला, आई चल, घरात बसून काय करतीस. गेले, तर स्टँडवर ते इंजिन. इंग्लंडचं, दुसऱ्या लढाईच्या आधीचं, नाव चित्ता. सूर्यफुलावानी गोल बघा, मधी पोट आणि भोवतीनं सात सिलिंडर, पाणी न्हाई, रेडिएटर न्हाई, नुसत्या वाऱ्यावर थंड व्हायचं, म्हणून सिलिंडरला पातळ पातळ पट्ट्या, जशी पुस्तकाची पानं. मी फौंड्रीतली बाई, माझा पाय तिथनं हलंना.

पण ते चालू होत नव्हतं. पेट्रोल-हवा नेणारा अल्युमिनियमचा एक एल्बो, कोपरावानी वाकडा पाइप, तडकलेला, नवा कुठं मिळंना. टॉम म्हणून ऐंशीचा म्हातारा, तो स्वतः ओतायचा, तीनदा वाया गेलेलं, ते तुकडे तिथंच पडलेले, आतनं फोड धरलेले. मी तुटका एल्बो घेतला, आत बोट घातलं, तर बारीक रेघ लागली, कोअरच्या दोन अर्ध्यांच्या जोडाची, आणि ती कुणीतरी अंगठ्यानं चोपडी केलेली. ताई, काटा आला अंगावर! ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांमागचा अंगठा. मी सुनीलकरवी इचारलं, हे तिकडं इंग्लंडात कोण करायचं? टॉम म्हणला, कोअर शॉपमधी लई करून बायकाच असायच्या.

मग मी सुनीलला म्हणलं, त्यांना सांग, तुमचा कोअर फार ठासलाय, ओतताना गॅसला जायला वाट न्हाई, मी करून देते. त्यानं आजूबाजूच्या मंडळींकडं बघितलं. म्हणलं, सांग की, आई सव्वीस वर्षं हेच करायची. सांगितलं त्यानं. टॉमनं डोक्यावरची टोपी काढली ओ.

दुकानातनं मोलॅसिस आणली, आपली काकवीच की ती, आणि सूनबाईच्या, शिल्पाच्या ओव्हनमधी कोअर भाजला. घरभर जळक्या गुळाचा वास, अलार्म बोंबलायला लागला, शिल्पा खिडक्या उघडत पळतीया आणि नात टाळ्या पिटतीया, आजी इज बेकिंग सँड! टॉमनं तो घालून ओतलं, एल्बो पहिल्याच झटक्यात बिनखोट निघाला.

महिन्याभरानं गवतावर, पंखा लावून इंजिन चालू केलं. दोघांनी हँडल फिरवलं, एक खोकला आला, निळा धूर, मग सातीच्या साती सिलिंडरांनी धरलं. काय आवाज तो! जमीन पायातनं छातीत आली, मागचं गवत आडवं झालं, मी हात जोडले. आणि सुनील, कधी आवाज चढवून न बोलणारा, शेजारच्या गोऱ्याच्या कानात वरडत होता, माय मदर मेड द कोअर.

आता पुढच्या महिन्यात माघारी जायचं, व्हिसा संपतोय. टॉम इचारतो, परत कधी? म्हणलं, माझं वय बघा, तुमचं बघा. त्यांनी दुसरं इंजिन दुरुस्तीला काढलंय, म्हणून सात-आठ कोअर भाजून डब्यात घालून ठेवलेत, वल लागू नये म्हणून. ओततील सावकाश. सुखी ऱ्हावीत सगळी.