चौथ्या तासाचा श्वास

आदरणीय प्राचार्य रविकांत सर, व्यासपीठावरील मान्यवर, सहकारी, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आणि या सभागृहात आज पहिल्यांदाच खुर्चीवर टेकलेले आपले सत्कारमूर्ती अण्णारावमामा,

मामांनी आपल्या फार्मसी कॉलेजचं प्राणीगृह एकतीस वर्षं सांभाळलं. उंदरांशी ते गोड बोलायचे, आम्हा प्राध्यापकांशी कामापुरतं.

सहा वर्षांपूर्वी मी अफूच्या जातीच्या एका नव्या संयुगावर संशोधन करत होते. आम्ही त्याला 'सात नंबर' म्हणायचो. मॉर्फिन वेदना शमवतं, पण मात्रा चढली की श्वासही मंदावतो. सात नंबर श्वासाला हात लावणार नाही, असं आमचे आकडे सांगत होते. उंदरांना ते टोचून दोन तास श्वास मोजायचे, तक्ता भरायचा आणि जेवायला जायचं, ही आमची पद्धत.

मामा देवणीकडचे, गुरांच्या घरातले. आजारी जनावराची कूस श्वासासरशी किती वेळा हलते, हे मोजायची त्यांना सवय. एका दुपारी म्हणाले, "म्याडम, सात नंबरवाल्यांची कूस चौथ्या तासाला निम्मीच हालून राहिली. बारा दिस झाले, दाण्याच्या वहीत लिवून ठिवलंय."

"मामा, औषधाने शांत झालेत ते."

"हाव. लईच शांत झालेत."

मी तेव्हा त्यांचे आभार मानले असतील, असं वाटतं का तुम्हाला? मी चिडले. कारण त्या दिवशी माझ्या पर्समध्ये सात नंबरची एक कुपी होती. मुदखेडला माझी आई, सरजाबाई, हाडांच्या कॅन्सरने तळमळत होती. तिची छाती कमजोर, म्हणून डॉक्टर मॉर्फिन बेतानेच द्यायचे आणि ते पुरायचं नाही. संध्याकाळच्या गाडीने मी ती कुपी नेणार होते.

नेली नाही. मामांशेजारी स्टुलावर बसून कुशी मोजल्या. पाचव्या तासाला एक उंदीर गेला.

माझं संशोधन तिथेच थांबलं. आई पुढे दहा आठवडे जगली. दुखणं सरलं नाही, ते खोटं सांगणार नाही. पण ती बोलत होती, मला ओळखत होती. कुपीचं, आणि ती कुणामुळे टळली हे, मी फक्त तिलाच सांगितलं. मामांसाठी तिने एक निरोप दिला. तो द्यायचा तर कुपीचंही सांगावं लागलं असतं, म्हणून मी गप्प राहिले.

प्राचार्य सर, त्या कुपीबद्दल आपण म्हणाल ते मला मान्य आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर सभेने सांभाळून घ्यावं. मला बोलू दिलंत, आभारी आहे.

आणि मामा, तो निरोप एवढाच होता: "त्या भावाला माझा जय भीम सांग."