घोट्याला धरणारे बूट

टाळकरी, जरा दम घ्या. मंडळी, ऐका! एक साधा प्रश्न विचारतो, उत्तर मनातल्या मनात द्या. एखादी वस्तू जपायची म्हणजे नेमकं काय करायचं? कपाटात कोंडायची? का ज्या कामासाठी ती घरात आली, ते काम तिच्याकडून करून घ्यायचं? — अहो, त्या मागच्या खांबाजवळचे काका! सारखं दाराकडे काय बघताय? तुमच्या चपला आहेत जागेवर, मला दिसतायत इथून! आजचं आख्यान तुमच्यासाठीच. पायताणाचंच आहे!

डोंगराच्या पायथ्याला एक गाव. तिथं भानुदासअण्णा राहायचे. शाळेतून निवृत्त झालेले शिपाई. माणूस सज्जन, पण ठेवून द्यायची भारी खोड! नव्या खुर्चीवरचा प्लास्टिकचा कागद कधी निघाला नाही. पाहुणा बसला की करकर, करकर! हसताय? तुमच्या घरी रिमोटला पिशवी घातलीय ना? मग गप बसा!

त्यांची बायको द्वारकाबाई. हिचं माहेर धरणाच्या पाण्यात गेलं, लग्नाच्या आधीच. माणसं पांगली, घर बुडालं. अण्णांनी बिचाऱ्यांनी सासुरवाडी कधी बघितलीच नाही! पण वैशाखात पाणी खाली गेलं, की डोंगरावरच्या जानाईच्या देवळाजवळून त्या बुडालेल्या गावातल्या घरांची जोती उघडी पडलेली दिसायची. दर वर्षी बाई म्हणायच्या, "अवं, चला की यंदा! आमचं घर कुठं हुतं, मी कुठं खेळत हुते, तुमास्नी दाखवायचंय."

आणि अण्णा म्हणायचे, "अगं, माझा घोटा!" घोटा खरंच अधू होता हो. शाळेच्या पायरीवरून पडले होते, चपलेत पाय मुरगळायचा, आणि डोंगराची वाट सगळी मुरमाड. बाई म्हणायच्या, "ऱ्हाऊ द्या मग." गावातल्या बायकांबरोबर गेल्या असत्या त्या! पण घर बायकांना नव्हतं दाखवायचं. नवऱ्याला दाखवायचं होतं.

लेक उज्ज्वला पुण्यात असायची. ती एकदा आली, आणि वडिलांचे दोन्ही पाय वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलीनं रेघ मारून घेतली. तीही संध्याकाळी! दिवसभर चालून पाय जरा फुगतो ना, माप तेव्हाच घ्यावं. पुढच्या खेपेला बूट घेऊन हजर! तपकिरी, अस्सल चामड्याचे, घोट्याच्या वर येणारे. आजकाल पोरं जीन्सवर घालून हिंडतात, तसले. पुढं बोटं हलतील एवढी जागा, टाचेला मात्र गच्च. अण्णांनी अंगणात फेरी मारली — घोट्याला कुणी हातानं धरावं तसं वाटलं! द्वारकाबाई तर अशा खुलल्या! "आता वैशाखात जायचं! आता घोट्याचं नाव काढायचं न्हाई!"

लेकीनं जाताना बजावलं, "अण्णा, ओले झाले तर उन्हात टाकू नका. आत कागद कोंबा, सावलीत वाळवा. धूळ कापडानं पुसा, अधूनमधून क्रीम चोळा. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, बुरशी येते. आणि मुख्य म्हणजे घाला! नुसते ठेवून दिले की तळ आतून कुजतो."

आता बघा गंमत! अण्णांनी कागद कोंबला. क्रीम अधूनमधून कुठलं, दर रविवारी चोळलं! आणि बूट पिशवीत बांधून ठेवले. कुठं? द्वारकाबाईंच्या पैठणीच्या कप्प्यात! देव्हाऱ्यात ठेवले नाहीत, हेच नशीब!

वैशाख आला. "चला की!"

"अगं, त्या मुरमानं चामडं सोलून निघंल. यंदा नको."

"अवं, पण बूट त्येच्यासाठीच आणल्यात न्हवं?"

"बघू पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी वळवाचा चिखल. मग भाचीच्या लग्नात नवेकोरे घालू म्हणून ठेवले. आणि लग्नात? चपलाच! का? तर मांडवातून चोरीला जातील! काका, ऐकताय ना?

मंडळी, अशी वर्षं गेली. आणि या वर्षांत द्वारकाबाईंच्या डोळ्यांत काचबिंदू वाढत होता. दुखत नाही, खुपत नाही, कळणार कसं? कडेचं दिसेना. उंबऱ्याला ठेचा लागायला लागल्या, तर अण्णा ओरडले, "बघून चाल की जरा!" ...काय बोलून गेलो, ते नंतर कळलं त्यांना. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, थोडी उरलीय तेवढी सांभाळू. तेव्हा होता पावसाळा, धरण तुडुंब. अण्णा रोज पाण्याकडे बघायचे — कधी उतरतंय! वैशाख आला, तोवर बाईंना नुसता उजेड कळत होता.

तेव्हा अण्णांनी कप्प्यातून बूट बाहेर काढले! वरून बघाल तर झकास, कालच दुकानातून आणल्यासारखे. म्हणाले, "चल, जाऊ."

"आता मला काय दिसनार वो?"

"चल तर खरी."

एकमेकांचा हात धरून निघाले. अर्ध्या वाटेवर — फटक्! फटक्! बाईंनी विचारलं, "कसला आवाज?" अण्णांनी खाली बघितलं. तळ सुटला होता, आणि वाळक्या भाकरीसारखा त्याचा चुरा पडत होता. दुसऱ्याचंही तेच. एवढं चोळलं, एवढं पुसलं, आणि आतून सगळं गेलेलं!

टोमणा मारला का बाईंनी? नाही! हळहळल्या. "बूट गेलं व्हय? किती जपलं हुतं तुमी..."

मग त्या बाईनंच घट्ट हात धरला. ते वाट सांगत होते आणि ती त्यांचा तोल सावरत होती. असे दोघं वर पोचले. पाणी खाली गेलेलं. ऊन लखलखीत.

"दिसतंय का वो?"

"दिसतंय."

बाईंनी हात वर केला, बोट पुढं धरलं. केवढा तो आनंद चेहऱ्यावर! "आमच्या घराकडं धरा माझं बोट. मग मी सांगते समदं."

अण्णांनी ते बोट धरलं. समोर दगडी जोती. सगळी सारखी! झाड नाही, भिंत नाही, खूण नाही. यातलं हिचं कुठलं? जिला माहीत होतं तिला दिसत नव्हतं, आणि ज्याला दिसत होतं त्याला माहीत नव्हतं! त्यांनी ते बोट एका जोत्याकडं नेलं. "हे बघ, हेच."

"व्हय," ती म्हणाली, "हेच." आणि अंगण कुठं, गोठा कुठं, पाटा कुठं ठेवायची आई, सांगत सुटली. अण्णा "हो, हो" म्हणत होते, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एवढं तरी बरं, की ते तिला दिसलं नाही.

तुमच्या घरी कोण "चला की" म्हणतंय, मंडळी? मला नका सांगू. तुम्हाला ठाऊक आहे. कपाटात काय ठेवलंय, तेही ठाऊक आहे. आता हात जोडा, हरीचं नाव घ्या मोठ्यानं — आणि काका, चपला घाला आणि वाटेत कुठं न थांबता घरी जा. काकूंना विचारा, कुठं जायचं म्हणत होतीस.