वयनी, रविवारी खंय?

माझं माहेर कुडाळच्या अलीकडे, रस्त्यापासून आत, नाव सांगून तुम्हाला कळायचं नाय, थोडी घरं, एक व्हाळ आणि एक देऊळ. बाप दुसऱ्याच्या बागेत नारळ पाडायचा, आई लावणीला जायची, आणि मी लहानपणापासून एकाच गोष्टीत हुशार, ती म्हणजे कुठल्या गावची जत्रा कधी. हसू नका. कार्तिक लागला की आमच्याकडे आज या देवळात जत्रा, उद्या त्या देवळात, जत्रा म्हटली की दशावतारी नाटक आलं, आणि नाटकाला तिकीट नाय, देवळासमोर जाऊन बसायचं, खाजं खायचं तर तेवढे पैसे. कुठल्या गावात कुठली कंपनी, त्यांचा राजा चांगला का राक्षस चांगला, सगळं मला तोंडपाठ. वाडीतल्या मोठ्या मोठ्या बायका दुपारच्या येऊन विचारायच्या, वच्छी गो, आज खंय? आणि मी सांगेन तिकडे वाडी निघायची. मोठ्या माणसांनी आपल्याला विचारावं याची एक चव असते, काय सांगू तुम्हाला, ती एकदा लागली की सुटत नाय.

लग्न होऊन आले ती इथे अंधेरीला, पूर्वेला, मरोळच्या बाजूला, बैठी चाळ, समोर सामायिक नळ. मिस्टर गिरणीत होते. मग तो संप झाला, संप काही मिटला नाय आणि हे घरी बसले, नंतर इथल्याच एका कारखान्यात वॉचमन लागले ते सोडा, पण मधले ते दिवस, बाप्या माणूस घरात बसलेला बघवत नाय हो, आणि रविवार सगळ्यात वाईट, कारण रविवारी शेजारीपाजारी कोण पिक्चरला निघालाय, कोण चौपाटीला निघालाय, आणि आमची माया, माझी मुलगी, दारात उभी राहून बघतेय. मी तोपर्यंत सरकारी दूध केंद्रावर लागले होते. पहाटे आरेहून गाडी यायची, बाटल्यांचे क्रेट उतरवायचे, रिकाम्या घ्यायच्या, भरलेल्या द्यायच्या, आणि समोर ही रांग. आता रांगेत माणूस गप्प उभा राहत नाय. एक म्हणतो आमच्या कॉलनीत रविवारी जादूचे प्रयोग आहेत, दुसरा म्हणतो पार्ल्याला फुलांचं प्रदर्शन लागलंय, तिसरी म्हणते आमच्या मंडळाने पडदा बांधलाय, सिनेमा दाखवणारेत. मी आपली बाटल्या देते आणि कान तिकडे. एका रविवारी म्हटलं चला, ह्यांना उठवलं, मायाला फ्रॉक घातला, गेलो जादूचे प्रयोग बघायला. पुढच्या रविवारी शेजारची आली, मग तिच्या शेजारची, मग त्यांची पोरं. मी नियम केला होता, मैदानात असलं तर सतरंजी घ्यायची, सभागृहात असलं तर हात हलवत जायचं, पाणी मात्र घरचं. शुक्रवारपासून नळावर सुरू व्हायचं, वयनी, रविवारी खंय? मालवणी नव्हत्या त्यासुद्धा खंयच म्हणायच्या, गुजराती बाई होती एक, तीपण, वयनी, रविवारी खंय? पवईच्या तलावावर काय, नॅशनल पार्कात काय, घाटकोपरला कुठे बालनाट्य आठ आण्यात, मी सगळं दाखवलं त्यांना. माझे मिस्टर मागून पोरांना मोजत यायचे, त्यांनाही काम मिळालं.

आणि मग प्रमिला आली.

प्रमिला म्हणजे माझी धाकटी जाऊ. दीर टेलिफोनमध्ये लागला, आमच्याच चाळीत बाजूची खोली घेतली आणि लग्न केलं ते पार्ल्याच्या मुलीशी. दहावी पास, टायपिंग येतं, केसांत रोज गजरा, आणि मला जाऊबाई म्हणायची, अहो जाऊबाई. वाईट नव्हती, तेच तर. वाईट असती तर माझं काम सोपं झालं असतं. दीर तिच्यासाठी पेपर घ्यायला लागला आणि पेपरात ते येतं ना, आजचे कार्यक्रम, ते बारीक अक्षरात, ते ती वाचायची. मी सातवीपर्यंत शिकलेय, वाचता येतं, पण मला कधी सुचलं नाय हो पेपरात बघायचं, मला वाटायचं पेपरात खून आणि मंत्री असतात.

पहिल्यांदा मला मायाने सांगितलं. मी म्हटलं परवा अमक्या शाळेत नकलांचा कार्यक्रम आहे, तर ही म्हणते, आई, काकी म्हणते तो गेल्या रविवारीच झाला. काकी म्हणते. भाकरी करपली माझी. दुसऱ्या आठवड्यात नळावर गेले तर सगळ्या प्रमिलेभोवती, आणि ती सांगतेय, अमुक ठिकाणी व्याख्यान आहे, तमुक ठिकाणी सुगम संगीत, प्रवेश विनामूल्य. मी म्हणायची फुकट, ती म्हणायची विनामूल्य. वस्तू तीच ना? पण बायकांना फुकट जायची लाज वाटायला लागली आणि विनामूल्य जायला ठेवणीतल्या साड्या निघायला लागल्या. माझ्याबरोबर जायच्या तेव्हा मागे उभ्या राहून बघायच्या, हिच्याबरोबर पुढच्या रांगेत खुर्च्यांवर. मध्यंतरात ही पोरांना समजावून सांगायची, हा राग अमका, हे वाद्य तमकं. आणि आमचे मिस्टर, संपात बसलेला माणूस, ते घरी येऊन म्हणतात, प्रमिलेला चांगलीच माहिती आहे हां. मी म्हटलं जेवा आता.

जळत होते मी. सरळ सांगते, लिहा तसंच. ती नळावर यायची तर माझी कळशी भरलेली नसली तरी मी उचलायची. तिचा गजरा बघितला तरी माझं डोकं दुखायचं. आमच्या खोल्यांच्या मध्ये एकच भिंत, पत्र्याची, पलीकडे ती पेपराचं पान उलटायची आणि इकडे मला ऐकू यायचं. माया तर तिकडेच पडीक. एकदा मी विचारलं, चेडवा, रविवारी खंय जाऊया गो, तर म्हणते थांब, काकीला विचारून येते.

आता केंद्रावर एक म्हातारे यायचे. रोजचे. नाव मला म्हायती नाय, तिथे कोणाला कोणाचं नाव म्हायती नसतं, मी आपली चष्मेवाले, छत्रीवाली अशीच ओळखायची. हे पत्र्यावाले. का, तर उभे राहिले की माझ्या खिडकीच्या पत्र्यावर बोटं वाजवायचे, टकटक टकटक, थांबायचंच नाय. मी ओरडायची, आजोबा, पत्रा वाजवू नका, पहाटेची वेळ आहे, डोकं उठतं. ते हसायचे, बोटं खिशात घालायचे आणि जरा वेळाने परत सुरू. पण बातम्या सगळ्यात चांगल्या त्यांच्याकडे, बाई, रविवारी अमक्या हॉलमध्ये वादन आहे, पैसे पडत नाहीत, पोरांना घेऊन जा. मी कधी गेले, कधी नाय गेले. मधे कधीतरी ते यायचे बंद झाले, त्यांचं दुधाचं कार्ड घेऊन सून यायला लागली. मी विचारलं नाय. विचारायला वेळ कुठे, मागे रांग असते.

तर त्या सुनेनंच एक दिवस सांगितलं, रविवारी संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये स्वरांजली आहे, मोठे मोठे कलाकार येणारेत, तुम्ही या. मी लगेच विचारलं, पेपरात आलंय? म्हणाली, नाही हो, पेपरात कशाला येईल. काय सांगू तुम्हाला, पेपरात नाय आलेलं. त्या दिवशी मी बाटल्या कशा दिल्या मला आठवत नाय. तेव्हा सगळीकडे ऑर्केस्ट्राचं वेड होतं, आणि ऑर्केस्ट्रांची नावं अशीच असायची, झंकार, गुंजन, अमकी बहार, तर स्वरांजली म्हणजे दुसरं काय असणार, सांगा ना. मी नळावर जाऊन मोठ्यानं म्हटलं, ह्या रविवारी ऑर्केस्ट्रा, फुकट, आणि हो, विनामूल्यसुद्धा. प्रमिला म्हणाली, कुठला ऑर्केस्ट्रा जाऊबाई, मी तर कुठे वाचलं नाही. मी म्हटलं, सगळं काय वाचून मिळत नाय.

सगळी चाळ निघाली. भडक साड्या, पोरांना नवे शर्ट, सगळ्यांच्या डोक्यात गजरे, एका पोराने जत्रेतली शिट्टी घेतलेली. दारावर काहीतरी बोर्ड होता, पण मी थांबले नाय, प्रमिलेच्या आधी आत जायचं होतं मला, पुढच्या रांगेत आज मी बसवणार होते सगळ्यांना. आत गेले आणि बघते तर माणसं पांढऱ्या कपड्यांत. स्टेजवर दिवे नाय, नाच नाय, एक टेबल, समई, उदबत्त्या, आणि हार घातलेला फोटो. फोटोच्या समोर तबला-डग्गा ठेवलेला, झाकून.

मागून एका पोराने मला विचारलं, काकी, नाचणारे कधी येणार? सगळा हॉल वळून आमच्याकडे बघायला लागला, एवढ्या आम्ही रंगीत.

आणि मला फोटो दिसला. पत्र्यावाले. माझ्या तोंडातून गेलं, अगो बाय माझे, हो तर आमचो पत्र्यावालो म्हातारो. तबल्याचे मास्तर होते हो ते, आख्ख्या अंधेरीतली पोरं त्यांच्याकडे शिकून गेलेली, ती सगळी त्या दिवशी वाजवायला जमलेली. आणि मी त्यांना म्हणायची पत्रा वाजवू नका. बाजूला प्रमिला होती, तिने ऐकलं. एक क्षण माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता ही बोलणार, आता हिचा दिवस, आता घरापर्यंत हसणार सगळ्या. तर तिने काय केलं, सरळ पुढे गेली, डोक्यातला गजरा काढला आणि फोटोसमोर ठेवून नमस्कार केला. मग मागून एकेक बाई गेली, एकेकीनं गजरा काढून ठेवला, पोरांनी नमस्कार केले, शिट्टीवाल्याने शिट्टी खिशात टाकली. ढीग झाला फुलांचा. ती सून रडायला लागली, म्हणाली, एवढ्या सगळ्या आलात? प्रमिला म्हणाली, आमच्या जाऊबाईंच्या केंद्रावर यायचे ना मास्तर, त्यांनी आणलं आम्हाला.

सून माझ्याजवळ आली, हात धरला. म्हणाली, बाबा घरी येऊन सांगायचे, दूधवाल्या बाई आज परत ओरडल्या, आणि हसत बसायचे. बसले. शेवटपर्यंत ऐकलं. चूक माझी नव्हती, शब्दाची होती, बोलावणं तर मला होतं, चाळीतल्या दुसऱ्या एकीलाही नव्हतं. रडायलासुद्धा माझाच हक्क होता तिथे. पण वाटेत परत येताना सगळ्या काय म्हणत होत्या, प्रमिलेनं बाई कसं निभावलं. माझा राग आणखी वाढला. तिने माझी सगळ्यांसमोर शोभा केली असती तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं, वर्षभर बोलले नसते तिच्याशी. तिने तेही ठेवलं नाय माझ्यासाठी. चाळीत शिरताना म्हणाली, जाऊबाई, तुमचे कार्यक्रम वेगळे असतात हो. मी म्हटलं, दिवाबत्तीची वेळ झाली.

तेव्हापासून रविवार तिचेच झाले. मी जायची, मागे चालायची, सतरंजी मी धरायची. मग दिराला चारकोपला घर लागलं, ते नवीन सेक्टर काढलेत ना, तिथे. ट्रंका उचलल्या तेव्हा माझ्या मनात काय आलं सांगू, आता परत मला विचारतील. तर कोणी विचारलं नाय. बायका म्हातारपणाकडे झुकल्या, पोरं मोठी झाली, ज्याच्या त्याच्या घरी टीव्ही आला, रविवारी सकाळी तर चाळीत कुत्रंसुद्धा बाहेर दिसत नाय. केंद्रावर बाटल्या जाऊन पिशव्या आल्या, पिशव्या पोरं घरपोच टाकतात, रांगच उरली नाय, तर बातमी कुठून येणार. आणि कानावर काय येतं, तर प्रमिलेनं चारकोपला नवी टोळी जमवली, नव्या बायका, नवी पोरं. तिथेपण जळले मी, बसल्या जागेवरून, एवढ्या लांब.

गेल्या महिन्यात केंद्राच्या समोरच्या भिंतीवर कागद लावलेला बघितला, आरे कॉलनीत मोकळ्या मैदानात कळसूत्री बाहुल्यांचा खेळ, रविवारी. मिस्टर म्हणाले जाऊया, मी म्हटलं दोघांनीच काय जायचं. आणि रविवारी दुपारी दारात प्रमिला. आपल्या पोराला घेऊन, दोन बसी बदलून, गजरा आहेच. पाणी दिलं. बसली नाय, दारातच उभी राहून म्हणाली, वयनी, आज खंय?

मला वयनी तिने आयुष्यात म्हटलेलं नाय. खंय तर पार्ल्याच्या तोंडात बसतच नाय, ती ते असं म्हणाली की हसू यावं. मी म्हटलं, का गो, तुका म्हायती नाय? पेपर बंद केलास? तर म्हणते, नाही हो, कुठे काही आलेलंच नाही, म्हणून तर तुमच्याकडे आले.

आणि तिच्या पिशवीतून सतरंजीचं टोक बाहेर आलेलं, मैदानाला घ्यायची ती.

मी तिला बाहुल्यांचं सांगितलं, मैदान कुठे, बस कुठली, सगळं सांगितलं, आणि तिने पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं, मधे मधे अय्या म्हणाली. पुढे मी चालले, मागून ती, आणि तिच्या मागून आमचे मिस्टर पोराला मोजत, एकच पोरगा, तरी मोजत. सुखी राहू दे तिला, तिच्या चारकोपात, माझं काय म्हणणं नाय. पण खोटं किती छान बोलली हो. तेवढं छान मला जन्मात जमलं नसतं, आणि खरं सांगते, वाटभर मी त्यावरच जळत होते.